ओल्या कचऱ्यावरचा घरगुती बायोगॅस : चौदा महिन्यांचा हिशेब

रोज दोन किलो ओला कचरा टाका आणि महिन्याला एक सिलिंडर वाचवा, असे विक्रेत्याच्या छापील पत्रकात ठळक अक्षरांत होते, आणि त्यावर भिस्त ठेवूनच आम्ही नाशिकमधल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात २८,००० रुपये मोजून हे संयंत्र बसवून घेतले. त्याला आता चौदा महिने झाले. संयंत्र चालते आणि चांगले चालते. पत्रकातले ते वाक्य मात्र कोणत्याही कारागिराला खरे करून दाखवता येणार नाही, कारण ते ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमातच बसत नाही.

हिशेब घरच्या घरी करता येतो. ओल्या कचऱ्यात तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक पाणीच असते, म्हणजे दोन किलोंत कोरडा ऐवज फार तर अर्धा किलो. तो सगळाच्या सगळा पिष्टमय आहे आणि त्यातला कणन् कण जिवाणूंनी पचवला, असे उदारपणे धरले तरी त्यातून दिवसाला १५० ग्रॅमच्या आसपास मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, निघेल. महिन्याचा साडेचार किलो मिथेन म्हणजे २२५ मेगाज्यूल उष्णता, आणि १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये असते साधारण ६५० मेगाज्यूल. तात्पर्य, सारे काही आदर्श असतानाही एक-तृतीयांश सिलिंडर. आमच्याकडे कचरा दीड किलोच निघतो आणि त्यातही देठे, साली, चोथा बराच, त्यामुळे प्रत्यक्षात महिन्याला एक-अष्टमांशाच्या आसपास पडते. पूर्वी चाळीस दिवस पुरणारा सिलिंडर आता अठ्ठेचाळीस दिवस पुरतो.

रचना साधी आहे. छपरावर पाणी साठवायला असते तशी हजार लिटरची प्लास्टिकची टाकी, आणि तिच्यात उपडी घातलेली थोडी लहान टाकी, जी वायू साठेल तशी वर उचलली जाते. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, शेणाऐवजी पिष्टमय खरकटे वापरण्याची हीच पद्धत रूढ केली आणि २००६ मध्ये त्यासाठी संस्थेला ॲशडेन पुरस्कारही मिळाला. आमची टाकी त्या संस्थेची नव्हे, त्या धर्तीवर काम करणाऱ्या एका विक्रेत्याची आहे. वरच्या टाकीवर मी खडूने सेंटिमीटरच्या खुणा केल्या आहेत; उन्हाळ्यात ती रोज वीस-बावीस सेंटिमीटर चढते, आणि तेवढ्या वायूवर सकाळचा दोन वेळचा चहा आणि वरण-भाताचा एक कुकर होतो. शेगडी पस्तीस मिनिटांनी मंदावते, तेव्हा आई कुकर उचलून शेजारच्या गॅसवर ठेवते.

या संयंत्राआधी आमच्याकडे कंपोस्टचे पिंप होते. थंडीत त्याचे झाकण उघडले की वाफ यायची आणि हाताला चांगली ऊब लागायची. ती ऊब म्हणजेच आमचा वाया गेलेला चहा होता, हे नंतर लक्षात आले. हवेच्या सान्निध्यात कुजणाऱ्या कचऱ्यातली ऊर्जा जंतू स्वतःच वापरून टाकतात आणि ती कोमट उष्णतेच्या रूपाने पसरते; ती नष्ट होत नाही, पण तिच्यावर कपभर पाणीही उकळता येत नाही. हवाबंद टाकीतले जिवाणू याउलट कमालीचे काटकसरी. एक मोल (रेणू मोजण्याचे रसायनशास्त्रातले माप) ग्लुकोजमध्ये सुमारे २,८०० किलोज्यूल ऊर्जा असते आणि त्यापासून होणाऱ्या तीन मोल मिथेनमध्ये २,६७० किलोज्यूल शिल्लक राहते. शंभरातले पाच स्वतःच्या चरितार्थाला ठेवून पंचाण्णव आपल्या शेगडीकडे पाठवणारा असा गडी दुसरा नाही.

पण याच काटकसरीची दुसरी बाजू डिसेंबरात कळली. जिवाणू उष्णता जवळजवळ टाकतच नसल्याने टाकी स्वतःला उबदार ठेवू शकत नाही. त्यांना ३० ते ३७ अंश मानवतात आणि नाशिकची थंडीतली रात्र दहा अंशांच्या खाली उतरते. खडूच्या खुणा नऊ-दहा सेंटिमीटरवर आल्या. गोणपाट गुंडाळून आणि कचरा भिजवायला सौरबंबाचे कोमट पाणी घेऊन थोडा फरक पडला, पण थोडाच. पत्रकात थंडीचा उल्लेखही नव्हता.

दुसरा धडा गणपतीत मिळाला. उरलेले मोदक, भात आणि पुरणाचा मोठा गोळा एकाच दिवशी आत गेला. टाकीत जिवाणूंची साखळी असते. काही जण पिष्टाचे आम्ल करतात आणि त्या आम्लावर मिथेन करणारे जगतात. पहिले चपळ, दुसरे संथ. खाद्य एकदम वाढले तेव्हा आम्ल साचले, आंबट वास सुटला, आणि टाकी वर चढूनही वायू पेट घेईना, कारण त्यात मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच होता. सहा दिवस उपास, थोडी चुन्याची निवळी आणि दोन बादल्या शेणकाला, एवढ्या उपचारांनी प्रकृती सुधारली. तेव्हापासून संध्याकाळी मोजून एक डबा, असा नियम आहे. कांद्याची आणि लिंबाची साले त्यात जात नाहीत.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल मात्र तक्रार आहे. त्याने सोबत एलपीजीचीच जुनी शेगडी दिली होती. घरच्या सिलिंडरचा वायू रेग्युलेटरमधून सुमारे ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने येतो, तर इथे वरच्या टाकीचे वजन आणि चार विटा मिळून तीन-चार सेंटिमीटरच होतात. शिवाय बायोगॅसला हवा बरीच कमी लागते. त्यामुळे ज्योत टिकेना. मोठ्या छिद्राची योग्य शेगडी मिळवायला तीन आठवडे फोन करावे लागले.

पैशांत पाहिले तर वर्षाला दीडेक सिलिंडर वाचतो, त्यामुळे गुंतवणूक वीसेक वर्षांत तरी वसूल होईल की नाही, याची शंकाच आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत त्यांचे गणित वेगळे आहे. रोज ५० किलो शेणातून दोन घनमीटर वायू मिळतो, म्हणजे आमच्या उन्हाळ्यातल्या उत्पन्नाच्या दहापटींहून अधिक, आणि त्यावर कुटुंबाचा स्वयंपाक होऊ शकतो. त्यांनी मात्र हे मॉडेल न घेता शेणासाठीचे पक्के संयंत्र बांधून घ्यावे.

आम्ही हे काढून टाकणार नाही. कचऱ्याच्या गाडीत आता फक्त कोरडा कचरा जातो, आणि बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे पचून उरलेला पातळ काला, दसपट पाण्यात मिसळून घातल्यापासून कुंपणालगतचा कढीपत्ता शेजारी मागून नेऊ लागले आहेत. येत्या दिवाळीआधी टाकीला बाहेरून काळा रंग देऊन ती दक्षिणेच्या भिंतीपाशी हलवायची आहे. डिसेंबरात खुणा बारापर्यंत गेल्या, तर इथेच लिहीन.