ड्रम गेला असं सांगून १२,३०० रुपये उकळले

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऐन ॲडमिशनच्या दिवसांत कॉपीवर उभी काळी रेघ यायला लागली. वरच्या फीडरमधून कागद सोडला की रेघ, तोच कागद काचेवर ठेवला की कॉपी स्वच्छ. हे मी स्वतः मेकॅनिकला दाखवलं. तो म्हणाला, "ताई, ड्रम गेलाय बघा. स्कॅनरपण गेलाय."

तिथंच त्याला धरायला हवं होतं! ड्रम म्हणजे कागदावर छाप उमटवणारा मशीनमधला रूळ. तो गेला असता तर काचेवरच्या कॉपीतही रेघ आली असती, कॉम्प्युटरवरून काढलेल्या प्रिंटमध्येही. त्यानं एक टेस्ट प्रिंटसुद्धा काढली नाही. फक्त फीडरची रेघ म्हणजे मोठ्या काचेशेजारची अरुंद काचपट्टी घाण. फीडरमध्ये कागद सरकतो आणि दिवा जागच्या जागी असतो, म्हणून व्हाइटनरचा मोहरीएवढा ठिपका पानभर रेघ ओढतो. पण दारात उतारे घेऊन माणसं ताटकळलेली. गिऱ्हाईक बघायचं की मेकॅनिकवर पहारा ठेवायचा?

ड्रम ६,५००, स्कॅनर ४,८००, मजुरी १,०००. 'नवा' ड्रम त्यानं पेपरात गुंडाळलेला काढला. नवा ड्रम काळ्या पाकिटात बंद येतो, उजेडानं खराब होतो म्हणून. पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. काचपट्टी पुसली, रेघ गेली, आणि माझा धडधाकट ड्रम घेऊन हा पसार! जुना पार्ट कुणालाही नेऊ देऊ नका. थोड्याच दिवसांत पानावर ठरावीक अंतरानं तोच काळा ठिपका उमटू लागला, म्हणजे ओरखडा ड्रमवरच. आता त्याचा फोन बंद.

पोलिसांत गेले तर, "पावती कुठाय? हा तुमचा आपसातला व्यवहार." मराठीतला अर्ज परत केला, कन्नडमध्ये आणा म्हणे. पैसे देऊन कन्नडमध्ये लिहून नेला, तर साहेब बंदोबस्ताला. फोनपेवर त्याचं नाव, नंबर, रक्कम सगळं दिसतंय, ते बघायलाही कुणी तयार नाही! दुसऱ्या एका कार्यालयात सांगितलं, "दुकान म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नव्हे." साफ खोटं. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी वापरात धरत नाहीत. असं उत्तर मिळालं तर मुकाट्यानं परत फिरू नका, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन लावा. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही.

मी तक्रार दाखल करतेय. बेळगाव, खानापूर, नंदगड भागात कुणाकडून असेच पैसे घेतले असतील तर फोनपेची नोंद आणि बिघडलेल्या कॉपी जपून ठेवा.