मोठेपणी कळलेला एडीएचडी: गोळ्या, सीबीटी आणि बाकीचे उपाय, वर्षभर वापरून

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. अंधेरीच्या एका सीए फर्ममध्ये जीएसटीचं काम बघते, राहते भांडुपला, वय चाळीशीला टेकलेलं. एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, अस्वस्थपणा असतो तो प्रकार) निदान मागच्या वर्षी झालं आणि तेव्हापासून दोन प्रकारच्या गोळ्या, सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) आणि लोकांनी सुचवलेलं काय काय करून झालंय, तर लोक मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात तसा याचाही लिहून टाकू म्हटलं, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत जे सापडलं ते जवळजवळ सगळं लहान मुलांबद्दल होतं.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी: गोळीने माझं काम सुरू होतं, पण कुठलं काम सुरू होईल ते गोळी ठरवत नाही, त्याला सीबीटीतली ती कंटाळवाणी डायरी लागते. आणि गोळीशिवाय नुसत्या डायरीने माझं काही हललं नव्हतं (कोऱ्या डायऱ्या घरात भरपूर आहेत, कुणाला हव्या असतील तर).

निदानाबद्दल थोडंच. नेटवर एएसआरएस नावाची डब्ल्यूएचओची सहा प्रश्नांची चाचणी फिरते, ती मी भरून घेऊन गेले होते, डॉक्टर म्हणाले ठीक आहे, पण ही नुसती चाळणी, निदान नाही. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात दोन याद्या आहेत, प्रत्येकी नऊ लक्षणांच्या, मोठ्यांसाठी त्यातल्या एका यादीतली किमान पाच हवीत आणि काही लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असायला हवीत, म्हणून त्यांनी आईला बोलावलं. आई म्हणाली, "दप्तर रोज न्यायची डॉक्टर, पण येताना कुणाचं आणेल त्याचा नेम नाही." डॉक्टरांनी हे जसंच्या तसं लिहून घेतलं. शिवाय थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, झोप कशी आहे, घोरता का, डिप्रेशन आहे का हे सगळं तपासलं, कारण यातलं काहीही असलं तरी लक्ष लागत नाही. जो डॉक्टर पंधरा मिनिटांत काहीच न विचारता गोळी लिहून देईल त्याच्याकडे मी तरी परत जाणार नाही. बाबांना हार्टचा त्रास म्हणून माझा ईसीजी पण काढला.

आता गोळी. मिथाइलफेनिडेट, सुरुवातीला साधी दहा मिलिग्रॅमची, सकाळी नाश्त्यानंतर. मला वाटलं होतं काहीतरी करंट बसल्यासारखं होईल. तसलं काही नाही. घाटकोपरला मेट्रोत चढले आणि मरोळ नाका आलं तरी मी एकच ईमेल वाचत होते, शेवटपर्यंत वाचला, आणि चक्क उत्तर लिहून पाठवलंही, एवढंच. डोक्यात सतत चालू असलेली बडबड थोडी मागे सरकली. डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन मेंदूतल्या पेशी परत आत ओढून घेतात ते ही गोळी अडवते असं डॉक्टरांनी समजावलं. साध्या गोळीचा असर तीन-चार तास, आणि उतरताना माझी जी चिडचिड व्हायची ती दुपारच्या चहाला शेजारच्या टेबलवरची मुलं भोगायची. मग हळूहळू सुटणारी एसआर गोळी दिली, त्याने उतार सौम्य झाला.

साइड इफेक्ट खरे आहेत. भूक मेली. डबा जसाच्या तसा घरी परत, नवरा विचारतोय भाजी बिघडली होती का. यावर एकच उपाय चालला, गोळीच्या आधी पोटभर पोहे-उपमा काहीतरी खायचं आणि रात्री असर उतरल्यावर नीट जेवायचं. दुपारी उशिरा घेतली की रात्री दोनपर्यंत डोळे टक्क. ऑफिसातले चार कटिंग चहा एकावर आणलेत, कारण चहा आणि गोळी मिळून छातीत धडधडायचं. बीपी आणि पल्स घरी मोजून व्हॉट्सअ‍ॅपला पाठवते. बीपी, हार्ट, बायपोलर, पूर्वीचं एखादं व्यसन, प्रेग्नन्सीचा विचार, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, लाजायचं नाही. सवय लागेल का हा आईचा प्रश्न, तर लिहून दिलेल्या डोसमध्ये आणि देखरेखीखाली ती भीती कमी, स्वतःच्या मनाने वाढवायची नाही, हे उत्तर.

पण खरी कटकट गोळी मिळवण्याची. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं, म्हणजे केमिस्टकडे वेगळं लायसन्स हवं, प्रिस्क्रिप्शन दोन प्रतीत हवं आणि त्यातली एक प्रत त्याने दोन वर्षं जपून ठेवायची. त्यामुळे नाक्यावरचे केमिस्ट ठेवतच नाहीत. व्हिडिओ कॉलवर डॉक्टरला दाखवून काम होईल म्हणाल तर तेही नाही, २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार शेड्यूल एक्सची औषधं तशी लिहून देता येत नाहीत. म्हणजे ज्या माणसाचा कागद सांभाळण्यात आणि वेळेवर पोचण्यात जन्मजात घोळ आहे त्याच्याकडूनच दर वेळी कागद आणि वेळ दोन्हीची परीक्षा, आणि सुट्टीच्या आठवड्यात स्टॉक संपला तर बोंबला. दादरच्या एका दुकानात माझ्याकडे वरून खालपर्यंत बघून विचारलं, "बच्चे के लिए है ना?" मी म्हटलं, नहीं, बच्चे की मम्मी के लिए. गंमत म्हणजे हे औषध १९४४ साली सिबा कंपनीतल्या लिआंद्रो पानिझोन नावाच्या केमिस्टने बनवलं आणि रिटालिन हे नाव त्याच्या बायकोवरून, रिटावरून पडलं, ती म्हणे टेनिस खेळायच्या आधी घ्यायची. मुलांची गोळी हा शिक्का नंतरचा. अमेरिकन व्हिडिओंमध्ये अ‍ॅडरॉल, वायवॅन्स ऐकून ते शोधत बसू नका, इथे दुकानात मिळत नाही.

मधे काही महिने अ‍ॅटोमोक्सेटिन घेतलं, ते स्टिम्युलंट (मिथाइलफेनिडेटसारखं उत्तेजक) नाही, म्हणून शेड्यूल एक्सची भानगड नाही, साध्या प्रिस्क्रिप्शनवर मिळतं. चाळीस मिलिग्रॅमपासून सुरू करून ऐंशीपर्यंत नेलं. सुरुवातीचे आठवडे मळमळ आणि तोंड कोरडं, असर कधी दिसेल त्याचा पत्ता नाही, चार-सहा आठवडे धरूनच चालायचं. मग हळूच लक्षात आलं की संध्याकाळी घरी पण मी जरा माणसात असते, कारण याचा असर सकाळ-दुपार असा तुटक नसतो, चढ-उतार नाहीत. पण मला दिवसा झोप यायची, आकड्यांच्या कामात हवी तशी धार पण येईना, म्हणून परत एसआरवर आले. उलट माझ्या ओळखीच्या एकीला हेच मानवलंय, तिला अँक्झायटी जास्त आहे. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असेल तर आठवणीने सांगा, त्याने अ‍ॅटोमोक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढतं.

सीबीटीकडून मला बालपणात शिरून रडण्याची अपेक्षा होती, निघालं भलतंच. एकच डायरी, एकच कॅलेंडर. काम छोटं करून लिहायचं, म्हणजे "थ्री-बी (जीएसटीचं एक रिटर्न) भरणे" असं नाही, "अमुक क्लायंटची परचेस शीट उघडणे" असं. काम करताना भलतं काही आठवलं (गॅसचा नंबर लावला का, त्या नटीचं लग्न कुणाशी झालं) तर ते बाजूच्या कागदावर टाकायचं आणि परत कामावर, कागद नंतर बघायचा. त्या कागदावरच्या बहुतेक गोष्टी संध्याकाळी हास्यास्पद वाटतात. दुसरं म्हणजे बॉडी डबलिंग, दुसरं कुणीतरी सोबत बसलेलं असलं की काम होतं. नाशिकची बहीण व्हिडिओ कॉल लावून तिचे पेपर तपासते, मी माझी रिटर्न्स भरते, दोघी बोलत नाही. थ्री-बीची शेवटची तारीख वीस असते, पूर्वी माझी शीट एकोणीसच्या रात्री उघडायची, आता साधारण पंधराच्या सुमारास उघडते. साहेबांना अजून विश्वास बसत नाही.

क्रम काय असावा यावर, ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१८ च्या गाईडलाइनमध्ये मोठ्यांसाठी आधी आजूबाजूची व्यवस्था बदलून बघा आणि तरी अडत असेल तर औषध, असं आहे. मी पण केलं, जागा कोपऱ्यात घेतली, नोटिफिकेशन बंद, चाव्यांना दाराशी खिळा. फायदा झाला पण माझ्या केसमध्ये पुरला नाही.

बाकीचे उपाय पटकन. चालणं: ज्या दिवशी अर्धा तास होतं तो दिवस बरा जातो. मैत्रीण म्हणाली इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर कर, बाई गं, मला दहा मिनिटं धड बसवत नाही. आईचं ब्राह्मी तेल चालू आहे, केसांना छान. प्रॉडक्टिव्हिटी अ‍ॅप्स: पहिले चार दिवस प्रेम, नंतर नुसती सबस्क्रिप्शन कटते.

खर्चाचं म्हणाल तर गोळीपेक्षा थेरपी महाग पडली. मानसिक आजारांना बाकी आजारांसारखाच विमा हवा असं २०१७ चा कायदा म्हणतो, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच नाही, मग थेरपीचे पैसे कोण देणार. केईएम, सायन, नायर इथे सायकियाट्री ओपीडी आहेत, केसपेपर स्वस्त, फक्त सकाळी रांगेला लागायची तयारी हवी. नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीतून बोलतात.

सध्या एसआर, महिन्यातून एकदा थेरपी आणि बहिणीचा कॉल असं चाललंय. रविवारी गोळी बंद ठेवावी का हे पुढच्या व्हिजिटला विचारणार आहे, कारण रविवारीच मला घरच्यांवर ओरडायला नको असतं. आणि मुलुंड ते घाटकोपरमध्ये ही गोळी नियमित ठेवणारा लायसन्सवाला केमिस्ट कुणाला माहीत असेल तर प्लीज कळवा, दादरची ट्रिप वाचेल.