मिडसमरला स्टॉकहोम की हेलसिंकी?

जूनअखेरीस उत्तर युरोपात जायचं ठरलं की बऱ्याच जणांची गाडी स्वीडन आणि फिनलंडच्या या दोन राजधान्यांपाशी येऊन अडते. मी दोन्हीकडे ऐन मिडसमरला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास येणाऱ्या तिथल्या सणाला, राहून आले आहे. माझं मत आधीच सांगते: सण बघायचा असेल तर स्टॉकहोम, निवांतपणा हवा असेल तर हेलसिंकी.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच. हा शहराचा सण नव्हे. गणपतीला चाकरमानी कोकणात निघतो, तसे हे लोक मिडसमरला आपापल्या तळ्याकाठच्या, बेटावरच्या लाकडी घरांकडे निघतात. सण १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी सुरू होतो आणि शनिवारी मुख्य सुट्टी असते. त्या दोन दिवसांत अनेक दुकानं, उपाहारगृहं आणि काही संग्रहालयं बंद असतात किंवा लवकर मिटतात. हेलसिंकीत त्या शुक्रवारी संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानात दूध-भाजी आणायला गेले, तर दार बंद. सोबत मेतकूट आणि थोडे तांदूळ होते म्हणून निभावलं. तुम्ही गुरुवारीच दोन दिवसांचं सामान भरून ठेवा.

उजेडावरून या दोघींत निवड करू नका. स्टॉकहोमला सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो आणि पहाटे साडेतीनच्या सुमारास उगवतो. हेलसिंकीला तो पावणेअकरानंतर मावळतो, चारच्या आत उगवतो. तिथलं घड्याळच एक तास पुढे आहे. दिवसाच्या लांबीत फरक जेमतेम वीसेक मिनिटांचा. मिट्ट काळोख कुठेच होत नाही. खोलीला जाड पडदे आहेत का हे आधी विचारा आणि डोळ्यांवरची पट्टी बरोबर घ्या. हवाही दोन्हीकडे सारखीच, दुपारी साधारण २० अंश. पण पाऊस आला की गारठा झोंबतो, तेव्हा स्वेटर हवाच.

आता खरा फरक. स्टॉकहोममध्ये युर्गोर्डेन बेटावर स्कान्सेन आहे. १८९१ साली सुरू झालेलं हे उघड्यावरचं संग्रहालय. देशभरातली जुनी घरं उचलून आणून इथे मांडली आहेत. गावी घर नसलेल्यांचा मिडसमर इथे होतो. सकाळी लोक पानाफुलांनी उंच खांब मढवतात, दुपारी तो उभा करतात आणि मग त्याच्याभोवती फेर धरतात. त्यात एक बेडकांचं गाणं आहे. कानांवर आणि पाठीमागे हात धरून आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे उड्या मारत पुढे सरकतात. माझ्या शेजारच्या आजींनी माझा हात धरून मला फेरात ओढलं. त्यांच्या डोक्यावरच्या गजऱ्यात बर्चची पानं आणि रानफुलं होती, आणि नाचताना पाकळ्या माझ्या बाहीवर पडत होत्या. यासाठी मी पुन्हा जाईन.

हेलसिंकीचा सण शांत. दारांशी बर्चच्या कोवळ्या फांद्या उभ्या असतात, पाण्याकाठी होळी पेटते. उन्हाळा कोरडा गेला आणि वणव्याचा इशारा लागला, तर मात्र ती होळी होत नाही. तेवढ्यासाठीच निघाला असाल तर हे लक्षात असू द्या. फिनलंडचा ध्वज एरवी सूर्यास्ताला उतरवतात, पण मिडसमरला तो शुक्रवारी संध्याकाळी सहापासून शनिवारी रात्री नऊपर्यंत रात्रभर फडकत असतो. सुनसान रस्त्यावर रात्री अकराला, त्या दुधाळ उजेडात, घराघरांवरचे ते निळे-पांढरे झेंडे बघत मी तासभर चालले.

बाकी बघण्याजोगं स्टॉकहोममध्ये जास्त आहे. १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेलं आणि १९६१ मध्ये वर काढलेलं वासा जहाज, गाम्ला स्तान या जुन्या शहरभागाच्या गल्ल्या, चितारलेली मेट्रो स्थानकं: चार दिवसही पुरत नाहीत. हेलसिंकी दोन-अडीच दिवसांत होतं. त्यात सुओमेनलिन्ना चुकवू नका. फिनलंड स्वीडनच्या राज्यात असताना, १७४८ पासून बांधलेला हा बेटांवरचा किल्ला. बाजारचौकातून नेहमीच्या शहर-तिकिटावर होडीने पंधरा-वीस मिनिटांत पोचता. तटावर समुद्राकडे तोंड करून बसलं की वेळ कळत नाही. आणि सौना, म्हणजे घाम काढणारी तापलेली लाकडी खोली. ओल्या अंगाने थंडगार समुद्रात उतरायची तयारी असेल, तर हेलसिंकीला तोड नाही.

शाकाहारी मंडळींनो, स्टॉकहोमचं मिडसमरचं ताट म्हणजे खारवलेली हेरिंग मासळी. पण तिच्या जोडीचे शेपू घातलेले नवे बटाटे आणि साय घातलेल्या स्ट्रॉबेऱ्या आपल्याच. हेलसिंकीच्या बाजारचौकात मटाराच्या शेंगा लिटरच्या मापाने मिळतात. लोक त्या चालता चालता सोलून कच्च्याच खातात. पैशांचं म्हणाल तर दोन्ही महाग. स्टॉकहोममध्ये क्रोना चालतो, पण रोख जवळजवळ कोणी घेत नाही, कार्ड चालू आहे ना ते बघा. हेलसिंकीत युरो.

आईवडील बरोबर असतील, पहिलीच खेप असेल किंवा मुलं लहान असतील, तर स्टॉकहोमच. मुलांची शाळा मात्र जूनच्या मध्याला सुरू होते, तेव्हा रजेचा विचार आधी करा. दोघंच असाल आणि गर्दीचा कंटाळा आला असेल, तर हेलसिंकी.

आठवडा हाताशी असेल, तर दोन्ही करा. शुक्रवार-शनिवार स्टॉकहोममध्ये काढा, मग संध्याकाळच्या जहाजाने निघा; दुसऱ्या दिवशी सकाळी हेलसिंकी. पहिले काही तास जहाज बेटांच्या गर्दीतून जातं, तेव्हा जेवायला घाई करू नका, डेकवर थांबा. शेंगेन व्हिसा एकच पुरतो, पण अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करावा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. जूनसाठी मुंबईत वेळ मिळवायला झुंबड असते, म्हणून मुक्कामाचे दिवस फेब्रुवारीतच पक्के करा.