१९७१ ची स्की-डू ऑलिम्पीक ३३५: एका हिवाळ्याच्या वापरानंतर

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत ही बर्फावर चालणारी गाडी वापरली. तिला किलोमीटर मोजणारा काटा नाही, म्हणून फोनवरच्या नोंदीवर विसंबून सांगतो: ४१० किलोमीटर. जानेवारीत एका रात्री तिला तळ्यावर सोडून तीन किलोमीटर पायी घरी आलो, ते यात धरलेले नाहीत.

मी सडबरीला राहतो, कॅनडात, उत्तर ऑन्टॅरिओत. निकेलच्या खाणींचं गाव. रस्ता ओलांडला की तळं, आणि तळ्यापलीकडे आम्ही तिघाचौघांनी मिळून मासेमारीसाठी ठेवलेली लाकडी खोपटी. गाडी मागच्या मे महिन्यात आमच्याच रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या एका आजोबांकडून ३५० डॉलरला घेतली. शेवटची कधी चालवली होती, असं विचारल्यावर त्यांनी आधी आढ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. तिथेच काय ते समजायला हवं होतं.

ज्यांनी असली गाडी बघितली नाही त्यांच्यासाठी: मागे पंधरा इंच रुंदीचा एकच रबरी पट्टा, पुढे दोन स्की, मध्ये लांबट सीट, आणि पिवळ्या बॉनेटखाली एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक रोटॅक्स इंजिन. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७८ मिमी; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खाली-वर धाव, ७०. गिअर नाहीत. इंजिनावर एक पुली, मागे दुसरी, दोन्हींमध्ये जाड बेल्ट. वेग वाढला की पुढची पुली मिटते, मागची उघडते. ज्याने कायनेटिक होंडाचं साइड कव्हर एकदा तरी उघडलंय त्याला इथे नवीन काही नाही. मला नव्हतं, कारण माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या कराडला मामांच्या गॅरेजमध्ये लुना आणि कायनेटिक पुसण्यात गेल्या.

कंपनी मुळात बोंबार्डिये यांची. जोझेफ-आर्मां बोंबार्डिये हे क्वेबेकमधल्या व्हालकूर गावचे मेकॅनिक, १९२६ साली एकोणिसाव्या वर्षी स्वतःचं गॅरेज टाकलेले. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा लहान मुलगा पोटाच्या दुखण्याने गेला. रस्ते बर्फाने बंद होते, दवाखान्यात नेता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीचा त्यांचा खटाटोप त्याच्या आधीपासून चालू होता, पण १९३७ साली दातेरी चाक आणि रबरी पट्ट्याचं पेटंट मिळालं आणि सात माणसं बसतील अशी बी-७ ही गाडी रस्त्यावर, म्हणजे रस्ता नसलेल्या ठिकाणी, धावू लागली. एक-दोघांना नेणारी छोटी स्की-डू आली १९५९ मध्ये. कुत्र्यांच्या घसरगाडीला पर्याय म्हणून तिचं नाव 'स्की-डॉग' ठरलं होतं आणि छापताना घोटाळा झाला, असं सांगतात. अगदी सुरुवातीची एक त्यांनी आमच्याच प्रांतात, उत्तरेकडच्या लॅन्सडाउन हाऊस इथल्या आपल्या मिशनरी मित्राला दिली होती.

हा इतिहास सांगायचं कारण अगदी व्यावहारिक आहे. माझी गाडी बनली त्या काळात उत्तर अमेरिकेत शंभरावर कंपन्या असल्या गाड्या बनवत होत्या आणि १९७१ साली पाच लाखांच्या आसपास गाड्या विकल्या गेल्या. पुढे तेलाचा तुटवडा आला आणि त्यातल्या बहुतेक कंपन्या बुडाल्या. बुडालेल्या कंपनीची गाडी स्वस्त मिळते, पण तिचा एक बुशिंग शोधताना हिवाळा सरतो. स्की-डूचे सुटे भाग आजही मिळतात. रोटॅक्स तर १९७० मध्ये बोंबार्डियेनेच विकत घेतली. जुनी गाडी घ्यायचीच असेल तर आधी पिस्टन कुठे मिळतो ते बघा, मग रंग बघा.

आता माझी चूक. दुरुस्तीच्या चार महिन्यांत मी जे जे 'चालेल' म्हणून ठेवलं, त्या प्रत्येकाने हिवाळ्यात हिशेब चुकता केला.

जे केलं ते आधी सांगतो. इंजिनाच्या पंख्यावरचं पत्र्याचं आवरण काढलं तर आत उंदराचं घरटं: सीटचा फोम, चिवड्यासारखा बारीक कुरतडलेला, आणि त्यात कुणाच्या तरी हातमोज्याची लोकर. हे इंजिन हवेवर थंड होतं. घरटं तसंच राहिलं असतं तर पहिल्या तासात सगळं संपलं असतं. त्यामुळे जुनं इंजिन चालू करण्याच्या मोहात आधी दोरी ओढू नका, आधी आवरण काढा. पेट्रोलची टाकी आतून खडे टाकून, हलवून, तीनदा धुतली. नळ्या सगळ्या बदलल्या, जुन्या इतक्या कडक झाल्या होत्या की वाकवल्यावर काडीसारख्या तुटल्या. फ्लायव्हील पुलर लावून काढलं, ठिणगी पाडणारे पॉइंट घासले, कंडेन्सर नवा टाकला, टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, डायल गेज लावून जुळवलं. टायमिंग डोळ्यांनी जुळवू नका. मी पहिल्यांदा तसंच केलं, आणि दोरी ओढल्यावर इंजिनाने उलट असा हिसका दिला की मनगट पंधरा दिवस दुखत होतं.

कार्बोरेटर टिलॉटसनचा, तरंगत्या फ्लोटऐवजी रबरी पडद्यावर चालणारा. पेट्रोल ओढायचा पंपही त्यातच, क्रँककेसच्या, म्हणजे सिलिंडरखालच्या बंद कप्प्याच्या, धडधडीवर चालणारा. उघडाल तेव्हा प्रत्येक थराचा फोटो काढा. गास्केट आधी की पडदा आधी, हे दोन बाजूंना वेगळं असतं. मी एका बाजूला उलटं लावलं आणि एक अख्खा रविवार इंजिन फक्त तीन सेकंद चालून बंद पडत राहिलं. ज्या ऑनलाइन दुकानातून पहिला किट मागवला त्यातला पडदा मुळातच जाड होता, परतही घेतला नाही. दुसरा दुसरीकडून आणला. आतली इवलीशी पट्टी चेंबरच्या तळाशी समपातळीत हवी, पट्टीवर सरळ कड ठेवून बघायचं. नखाएवढा फरक पडला तरी एकतर पेट्रोल वाहत राहतं, नाहीतर इंजिन उपाशी.

रंगाला हात लावला नाही. पिवळ्यावर ओरखडे आहेत, एका बाजूला आजोबांच्या मुलाने कधीकाळी खिळ्याने कोरलेली दोन अक्षरं आहेत. ती राहू दिली. सीट मात्र गावातल्या एका कारागिराकडून नवी शिवून घेतली, २२० डॉलर मोजून, आणि तीच सगळ्यात वाया गेलेली रक्कम. शिलाईतून पाणी आत जातं, रात्री गोठतं, आणि सकाळी आपण विटेवर बसल्यासारखे बसतो. पांडुरंग तरी उभा होता.

मग 'चालेल'ची यादी. पहिला बेल्ट. कडा चकचकीत झाल्या होत्या, दोन भेगा होत्या, चालेल म्हटलं. अकराव्या दिवशी तुटला. सुदैवाने घरापासून हाकेच्या अंतरावर. दुसरं, बोगी. आपल्याकडे बोगी म्हटलं की रेल्वेचा डबा. इथे पट्ट्याच्या आत, स्प्रिंगवर बसवलेल्या छोट्या चाकांच्या जोड्यांना बोगी म्हणतात. चाकं हाताने फिरवली, फिरली, चालेल म्हटलं. उणे पंचवीसमध्ये जुन्या ग्रीसचं मेण झालं आणि दोन बेअरिंगं किंचाळायला लागली. जानेवारीत हेडलाइटच्या उजेडात, बर्फावर आडवा पडून, ती बदलली. आता सगळ्या निपलांना थंडीत न गोठणारं ग्रीस देतो.

तिसरं, क्रँकशाफ्टची सीलं, म्हणजे इंजिनाचा दांडा बाहेर येतो तिथली हवाबंद रबरी कडी. ही दुरुस्ती खर्चाची अजिबात नाही, कटकटीची आहे, म्हणून टाळली. जानेवारीच्या मध्यावर खोपटीवरून परत येताना इंजिन अचानक सुसाट झालं. थ्रॉटल सोडला तरी आवाज उतरेना. मला वाटलं, वा, आज तब्येत छान आहे. दोन मिनिटांनी टण्ण, आणि शांतता. तळ्याच्या मधोमध, संध्याकाळचे सहा, काळोख. चालत घरी आलो. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या गाडीला बांधून ओढून आणली, प्लग काढला आणि मामांना व्हॉट्सॲपवर दाखवला.

मामांनी बर्फ फक्त गोळ्यात आणि फ्रीजमध्ये बघितलाय. पण प्लग बघितल्या बघितल्या म्हणाले, "पांढराफटक पडलाय की रे. हवा खातंय इंजिन. सीलं बदलली होतीस का?"

"नाही मामा, म्हटलं चालेल."

"मग काय, चाललास की तूच!"

झालं होतं ते असं: पन्नास वर्षांत सीलाचं रबर वाळलं होतं, तिथून क्रँककेसमध्ये बाहेरची हवा शिरत होती, पेट्रोल कमी पडत होतं आणि पेट्रोलसोबत येणारं ऑइलही. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच येतं. पेट्रोल कमी पडलं की इंजिन आधी सुसाट पळतं, आणि मग ऑइलअभावी पिस्टन सिलिंडरला चिकटतो. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे होते. सिलिंडरला लागलेलं ॲल्युमिनियम ॲसिडच्या बोळ्याने, हातमोजे घालून, गॅरेजचं दार उघडं ठेवून काढलं. सिलिंडर वाचला. होनिंग केलं, म्हणजे आतून बारीक घासून घेतला, पिस्टन आणि रिंगा नव्या टाकल्या, दोन्ही बाजूंची सीलं नवी.

आणि या खेपेला तपासणी केली, जी जूनमध्येच करायला हवी होती. इनटेक आणि एक्झॉस्टच्या तोंडांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि लोखंडी पट्ट्या आवळल्या, प्लग बसवला, पिस्टन खाली आणला, आणि पंपाच्या नळीच्या जागी जोडलं बीपी बघायचं मशीन. आई निवृत्त परिचारिका, डिजिटल मशीनवर तिचा काडीचा विश्वास नाही. गेल्या उन्हाळ्यात आली होती तेव्हा तिचं फुग्याचं, डायलवालं मशीन इथेच ठेवून गेली. क्रँककेसला पाच पीएसआय दाब द्यायचा असतो, म्हणजे पाऱ्याच्या हिशेबाने साधारण २६०. डायल ३०० पर्यंत आहे, काम अगदी बेतानं भागतं. जुन्या सीलांवर फुगा दाबला तर काटा वीस सेकंदांत शून्यावर. साबणाचं पाणी लावलं तर मॅग्नेटच्या बाजूने बुडबुड्यांची माळ. नवी सीलं घातल्यावर काटा २६० ला चिकटून बसला आणि दहा मिनिटांत जेमतेम पाच-सहा खाली आला.

आईचा त्याच वेळी फोन आला. "माझं मशीन सापडलं का रे तिकडे? कुणाचं बीपी बघतोयस?"

"इंजिनाचं."

"किती आहे?"

"दोनशे साठ."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

त्यानंतर मात्र गाडीने एकदाही दगा दिला नाही. उणे २७ ला चोक पूर्ण ओढून तिसऱ्या-चौथ्या हिसक्याला चालू होते. वजन दीडशे किलोच्या घरात, त्यामुळे वरच्या पिठूळ बर्फात रुतली तरी मागून उचलून एकटा बाहेर काढू शकतो. शेजाऱ्याच्या नव्या गाडीला त्यासाठी तीन माणसं लागली, हे इथे मुद्दाम नोंदवतो. अर्थात उचलावी लागतेच, कारण रिव्हर्स नाही. सामानाची घसरगाडी मागे बांधून, मुलीला पुढ्यात घेऊन तळं ओलांडायला ही गाडी उत्तम. मुलगी नऊ वर्षांची, तिला ही नव्या गाडीपेक्षा आवडते, कारण हिला 'आवाज आहे'. आवाज आहेच. कानात बोळे घातल्याशिवाय अर्ध्या तासाहून जास्त बसू नका.

लांबच्या प्रवासाला मात्र नको. खाचखळग्यांच्या वाटेवर बोगी प्रत्येक धक्का जसाच्या तसा कमरेला पोचवतात. एकदा चाळीस किलोमीटर गेलो आणि दोन दिवस शेक घेतला. ब्रेक म्हणजे मागच्या पुलीवर घासणारा एक तुकडा, उतारावर त्याला आणि देवाला सारखंच आळवावं लागतं. हेडलाइट लुनाच्या दिव्याची आठवण करून देतो: इंजिन पळालं की उजेड, मंदावलं की चिमणी. पेट्रोल लिटरला पाच-साडेपाच किलोमीटर. मी एका लिटरला २५ मिली ऑइल घालतो, आणि पेट्रोल इथेनॉल नसलेलंच शोधून आणतो. इथेनॉल त्या कार्बोरेटरच्या पडद्यांना कडक करतं. भारतात ई-२० वरून जुन्या गाड्यांचे मालक का वैतागलेत, ते मला इथे बसून कळतं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. तळ्यावर वरचा भुसभुशीत बर्फ जड झाला की खालचा टणक थर दबतो, फटीतून पाणी वर येतं आणि भुसभुशीत बर्फाखाली चिखलासारखा लगदा साचतो. त्यातून गाडी गेली की पट्टा ओला होतो, आणि थांबलात की जमिनीला चिकटून गोठतो. पहिल्यांदा मी कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकून सोडवला, पट्ट्यातली एक सळई वाकवून घेतली. आता घरी आलो की गाडीचा मागचा भाग उचलून स्टँडवर ठेवतो, पट्टा रिकामा फिरवून लगदा उडवतो आणि गाडी दोन फळ्यांवर उभी करतो. आणि स्वच्छ, निळसर, टणक बर्फ निदान १५ सेंटिमीटर असल्याशिवाय तळ्यावर नेत नाही. दर वेळी भोक पाडून मोजतो. आजोबांनी गाडी देताना सांगितलेली ही एकच सूचना.

एकूण खर्च, ३५० धरून, १,९०० डॉलरच्या आसपास. पिस्टन आणि पहिला पडदा वाचला असता तर दीडशे तरी कमी. विकायला काढली तर एवढे येणार नाहीत.

गेल्या आठवड्यात गाडी उन्हाळ्यासाठी ठेवली. टाकी आणि कार्बोरेटर रिकामे केले, प्लगच्या भोकातून ऑइल सोडून दोरी हळू ओढली, पट्टा सैल केला, आणि सायलेन्सरच्या तोंडात व पंख्याच्या जाळीत स्टील वूल कोंबलं, उंदरांसाठी. आई जूनमध्ये येतेय. तिचं मशीन साबणाने दोनदा धुतलं, उन्हात ठेवलं, पण नळीचा पेट्रोलचा वास काही जात नाही.