लेहला गेल्यावर राफ्टिंग सिंधूवर करावं का झांस्करवर?

लडाखचं तिकीट काढलं की आमच्या ग्रुपवर कुणीतरी हे विचारतंच, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. कोलाड नाहीतर ऋषिकेशला राफ्टिंग केलेलं आहे असं धरतो, त्यामुळं लाइफ जॅकेट आन हेल्मेटचं पुराण सांगत बसत नाही.

आम्ही परभणीहून नऊ जण गेलो होतो, सोयाबीनची कोळपणी उरकून, जुलैच्या शेवटी. सचखंडनं दिल्ली आन तिथून विमान. आई, ताई, दाजी, अकरा वर्षांचा भाचा, आम्ही दोघं आणि कॉलेजचे तीन मित्र. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, विरळ हवेची सवय व्हायला पहिले दोन दिवस नुसतं लोळायचं, ते कितीही कंटाळवाणं वाटलं तरी पाळा. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून सिंधू केली आणि पाचव्या दिवशी आम्ही पाच जणांनी झांस्कर, म्हणून दोन्हीवर बोलायचा थोडाफार हक्क आहे.

दोन्ही ट्रिपा संपतात एकाच ठिकाणी, निमूच्या संगमावर, जिथं झांस्कर सिंधूला मिळते. सिंधूवाली फे गावापासून सुटते, लेहच्या अगदी जवळून, आणि ग्रेड, म्हणजे पाणी किती अवघड ते, म्हणाल तर 1-2, म्हणजे पोरंबाळं, थोरली माणसं सगळी बसू शकतात. झांस्करवाली चिलिंगपासून, निमूच्या वर पंचवीस-तीस किलोमीटर, ग्रेड 3 आणि पाणी चढलं असलं तर त्याच्याही वर. कागदावर बघितलं तर फॅमिलीसाठी सिंधू आणि धाडसासाठी झांस्कर, विषय संपला. आम्हालाही तसंच वाटलं होतं.

सिंधूची सुरुवात खरंच छान आहे. पात्र रुंद, काठाला सातूची हिरवी शेतं, मागं पॉपलरची झाडं आणि त्याच्या मागं एकदम उघडेबोडके डोंगर. आई राफ्टच्या मधोमध बसून सिंधूचं पाणी डोळ्याला लावत होती, भाचा गाइडच्या मागं मागं ‘फॉरवर्ड, फॉरवर्ड’ ओरडत होता, दाजींनी तर पाऊण तास फोटोच काढले. हे सगळं झांस्करवर मिळणार नाही हे आधीच कबूल करतो.

पण मग वारं सुटलं. आमची राफ्ट पाण्यात उतरायलाच दुपारचा एक वाजला होता, आन लडाखात दुपारनंतर दरीतून वारं वर चढतं, म्हणजे बरोब्बर आपल्या तोंडावर. जिथं नदीला ओढ आहे तिथं ठीक, पण फेच्या खाली लांबलांब पट्टे असे आहेत की पाणी वाहतंय का नुसतं उभं आहे तेच कळत नाही, आणि त्यात राफ्ट म्हणजे हवा भरलेला फुगा, वाऱ्याला आयतं शीड. गाइड म्हणाला पॅडल मारा, मारली. अजून मारा, मारली. उजव्या काठाला एक धोंडा होता, पांढरा पट्टा असलेला, तो मी बघून ठेवला होता. दहा मिनिटं सगळ्यांनी जीव खाऊन पॅडल मारल्यावर वर बघितलं तर तोच धोंडा, तिथंच. दाजी म्हणले, ‘आरं, हा धोंडा आपल्यासंगंच यायलाय का काय?’ तेव्हा हसलो, पण पुढचा तास असाच गेला. असल्या उंचीवर आधीच धाप लागते त्यात हे, ताईनं पॅडल मांडीवर ठेवून दिलं, आई गारठली, भाचा ‘मामा, किती राहिलं’ सुरू झाला आणि तिघं मित्र आन मी बैलासारखे ओढत होतो. म्हणजे सोपी नदी म्हणून जी घेतली तिच्यावरच सगळ्यात जास्त घाम गाळला. रात्री हॉटेलात खांद्याला बाम चोळताना आमचं मत तिथंच फिरलं.

झांस्करला वारं नव्हतं असं नाही, होतंच, पण तिथं नदी तुम्हाला विचारतच नाही. चिलिंगला राफ्ट सोडली की ती जाते. पॅडल मारायची ती दिशा धरायला, पुढं जायला नाही. लाट आली की गाइड ओरडतो, सगळे मिळून मारायचं, लाट तोंडावर फुटते आणि मग दोन मिनिटं बघायला मोकळे. आणि बघण्यासारखं काय आहे म्हणून सांगू, दोन्हीकडनं सरळसोट घळ, झाडाचं नाव नाही, तांबडे, जांभळट, राखाडी थर आडवे नाहीत तर उभेच्या उभे, कडब्याच्या पेंढ्या उभ्या रचून ठेवाव्यात तसे. लेहला वर्षाला पाऊस पडतो साधारण 100 मिलीमीटर, आपल्याकडं कधीकधी एका रात्रीत तेवढा पडून जातो, आणि असल्या कोरड्या मुलखात ही नदी दुथडी भरलेली. सगळं बर्फाचं आन हिमनद्यांचं पाणी, ऊन जितकं कडक तितकं पाणी जास्त, आपल्या हिशोबाच्या एकदम उलटं. आमच्यातला एक लातूरचा, ज्याच्या गावाला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तो बराच वेळ काहीच बोलला नाही.

त्रासही सांगतो. जुलैत पाणी गढूळ असतं, लाट तोंडात गेली की दातात रेती कचकचते. थंडी अशी की बोटं पॅडलवरून सोडवावी लागतात. वेटसूट, म्हणजे गार पाण्यात अंग गरम ठेवणारा घट्ट रबरी सूट, ओलाच मिळाला, आदल्या दिवशी घातलेल्याच्या घामासकट, आणि चढवायला दोन माणसं लागतात. चिलिंगला बायकांना कपडे बदलायला नीट आडोसा नव्हता, बायकोनं गाडीतच बदलले. भाच्याला लहान म्हणून घेतलं नाही, तो रुसला. बीपी, दमा असलेल्यांनी तर नादच करू नये. आणि खरी खोल घळ बघायची तर नदीच्या वरच्या अंगाच्या पदुम गावाहून खाली येणारी, रोज तंबू टाकत करायची बऱ्याच दिवसांची ट्रिप आहे म्हणतात, ती आमच्या सुट्टीत बसणारी नव्हती.

पण एक सोय आहे जी कुणी सांगत नाही. निमू ते चिलिंग रस्ता नदीच्या कडेनंच जातो. आई, ताई, दाजी आन भाचा गाडीतनं आमच्या मागंपुढं येत होते, वळणावर थांबून हात करत होते, आणि संगमावर आम्ही पोचलो तेव्हा चहाचा थर्मास घेऊन उभे होते. एकत्र बसलो नाही खरं, पण दिवस एकत्रच गेला. उलट सिंधूवर एका राफ्टीत बसून शेवटी कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

आता तुमच्याकडं लहान लेकरं असतील, नाहीतर म्हातारी माणसं पाण्यात उतरायचंच म्हणत असतील तर सिंधू घ्या, वाईट नाही, फक्त सकाळची पहिली राफ्ट मागा आणि बुकिंगवाला दुपारची चांगली म्हणला तरी ऐकू नका, आमच्यावाल्यानं तेच म्हणलं होतं. गटात चार धडधाकट माणसं असतील तर मात्र त्यांनी चिलिंग गाठावं असं मला वाटतं, तुमचं तुम्ही बघा. पाणी जरा कमी आणि नितळ हवं असेल तर ऑगस्टच्या शेवटी जा. आणि वेटसूटच्या आत सुती बनियन घालू नका, निमूपासून लेहपर्यंत ते अंगावर बर्फासारखं चिकटून येतं.