जुन्या वेलींची म्युस्कादे : 'क्लो दे ब्रिऑर'

ल्वार नदी अटलांटिकला मिळते त्या टोकाला, नाँत शहराच्या आसपास होणारी म्युस्कादे ही पांढरी वाइन खुद्द फ्रान्समध्येही फारशा मानाची समजली जात नाही. स्वस्त, हलकी, कालवांबरोबर बर्फासारखी थंड करून प्यायची आणि उन्हाळा सरला की विसरून जायची, असा तिचा लौकिक आहे. दोमेन द ला पेपिएर या वाइनरीची 'क्लो दे ब्रिऑर' हा लौकिक साफ खोटा ठरवते. किमतीच्या मानाने एवढी खोली देणाऱ्या पांढऱ्या वाइन माझ्या पाहण्यात फार थोड्या आहेत. मात्र ती कशी वाढली जाते यावर तिचे निम्मे यश अवलंबून असल्यामुळे चवीइतकेच वाढण्याविषयीही लिहिणे आवश्यक वाटते.

या वाइनची बाग नाँतच्या आग्नेयेस, सेव्र आणि मेन या दोन लहान नद्यांच्या मुलखात, ग्रॅनाइटच्या खडकावर आहे आणि तिच्यातल्या वेलींची लागवड 1930ची आहे. वाण मलों द बुर्गोन्य, म्हणजे मूळचे पूर्व फ्रान्समधल्या बुर्गोन्यचे आणि आईबापाकडून शार्दने या प्रसिद्ध पांढऱ्या द्राक्षाचे सख्खे भावंड. 1709च्या भीषण हिवाळ्यात नाँतकडच्या बागा गोठून गेल्यानंतर थंडीला दाद न देणारे हे वाण येथे पसरले, आणि ब्रँडी गाळण्यासाठी साधी पांढरी वाइन शोधणाऱ्या डच व्यापाऱ्यांनी त्याला हक्काचे गिऱ्हाईक मिळवून दिले. या द्राक्षाला स्वतःचा सुगंध बेताचाच असतो. त्यामुळे जमीन कोणती, वेल किती जुनी आणि तळघरात तिचे काय केले, या तीन गोष्टींवरच सारे ठरते.

तळघरातली येथील पद्धत 'स्युर ली' म्हणून ओळखली जाते. रस आंबून झाल्यावर यीस्टचा जो बारीक गाळ तळाशी बसतो, त्याच्यावरच वाइन निदान हिवाळाभर ठेवतात आणि मध्ये दुसऱ्या टाकीत न काढता थेट बाटलीत भरतात. गाळामुळे वाइनला अंग येते, तिचा ताजेपणा टिकतो, आणि ग्लासच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे चार-दोन बुडबुडे दिसतील इतका वायू तिच्यात विरघळलेला राहतो. पेपिएरला नाव मिळवून देणारे मार्क ओलिव्हिए यांनी लाकडी पिंपांचा मोह कधी धरला नाही. द्राक्षे हाताने तोडायची, सालीवरच्या नैसर्गिक यीस्टनेच रस आंबू द्यायचा आणि घाई करायची नाही, हीच या घराची शिस्त राहिली आहे. शेती सेंद्रिय आहे.

लेबलवरच्या 'जुन्या वेली' या उल्लेखाबद्दल ग्राहकाने सावध असलेले बरे, कारण फ्रान्सच्या कायद्यात त्यासाठी वयाची कोणतीही अट नाही. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने 2024मध्ये 35 वर्षे ही किमान मर्यादा सुचवली. नाशिकच्या वाइनबागा बहुतेक गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या असल्याने आपल्याकडची फारच थोडी वेल या मापात बसेल. ब्रिऑरच्या वेली मात्र नव्वदी ओलांडलेल्या आहेत. जुन्या वेलीला घड कमी लागतात, मणी लहान राहतो आणि मुळे खडकाच्या भेगांतून खोलवर गेल्यामुळे कोरड्या उन्हाळ्यातही ती तग धरून राहते. केवळ वय म्हणजे गुण नव्हे, ढिसाळ जमिनीतली म्हातारी वेलही सामान्यच वाइन देते; येथे वय आणि ग्रॅनाइट यांचा मेळ जमला आहे.

नुकत्याच बाजारात आलेल्या बाटलीतून पहिला घोट घेतला तर थोडी निराशाच पदरी पडते. रंग फिकट, किंचित हिरवट झाक असलेला. वासाला लिंबाची साल आणि पावसात भिजलेला दगड, एवढेच. जिभेवर आंबटपणा धारदार असतो आणि फळ म्हणावे असे फारसे काही हाती लागत नाही. पण ग्लास तसाच टेबलावर ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा उचलावा. थंडावा थोडा ओसरलेला असतो, आणि आता हिरव्या सफरचंदापाठोपाठ पिठाच्या ताज्या पावासारखा वास वर येतो, मधल्या चवीला भरीवपणा येतो आणि घोट गिळल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना खारट, लिंबाच्या पांढऱ्या सालीसारखी किंचित कडसर पकड बराच वेळ रेंगाळते. ही पकड हेच या वाइनचे खरे वैशिष्ट्य आहे. तरुण वेलींच्या साध्या म्युस्कादेत ती सापडत नाही. तिथे आंबटपणा येतो आणि मागे काही न ठेवता निघून जातो.

म्हणूनच तापमानाबाबत माझा आग्रह आहे. घरच्या फ्रिजमध्ये साधारण 4 अंश असतात, आणि तिथून काढून लगेच ओतलेली ही वाइन मुकी होते. 10 ते 12 अंश हे तिचे योग्य तापमान; आपल्याकडच्या हवेत बाटली बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटे ठेवली की ते आपोआप साधते. हॉटेलांत पांढरी वाइन सरसकट बर्फाच्या बादलीत बुडवून ठेवण्याची जी रीत पडली आहे, तिने या प्रकारच्या वाइनचे सर्वांत जास्त नुकसान केले आहे, आणि अशा ठिकाणी बाटली बादलीबाहेर ठेवण्यास निःसंकोच सांगावे. ग्लास मध्यम आकाराचा, पोटाला रुंद आणि तोंडाशी निमुळता असावा. तरुण बाटली असेल तर ती सरळ डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या रुंद काचेच्या सुरईत, ओतावी. पांढऱ्या वाइनला डिकँटर कशाला, हा प्रश्न पहिल्या ग्लासानंतर कोणी विचारणार नाही.

जोडीला काय घ्यावे याचे उत्तर नाँतच्या स्वयंपाकघरांनी केव्हाच दिले आहे. अटलांटिकची कालवे आहेतच, पण मला त्याहून अधिक शोभते ती 'बर ब्लाँ' ही लोण्याची आंबूस चटणी आणि तिच्याबरोबरचा नदीतला मासा. बारीक कांदा व्हिनेगरमध्ये आटवून त्यात थंड लोणी थोडेथोडे फेटून ही चटणी करतात, आणि ल्वारकाठच्या क्लेमाँस लफव्र यांना तिच्या शोधाचे श्रेय दिले जाते. वाइनची धार लोण्याचा जडपणा कापते, आणि वाइनमधला गाळाचा भरीवपणा लोण्यासमोर तिला फिके पडू देत नाही. त्याच भागातले 'क्युरे नाँते' हे उग्र वासाचे चीजही तिच्यापुढे नमते घेते.

कोकणी ताटात तिची निवड विचारपूर्वक करावी. रव्यात घोळवून कुरकुरीत तळलेले बोंबील, हळद-मीठ-लिंबू लावलेले पापलेट, कमी तिखटाचे तिसऱ्यांचे सुके यांच्याशी तिचे उत्तम जमते, कारण लिंबू पिळण्याचे काम ती स्वतःच करते. लाल मिरचीच्या झणझणीत कालवणाशी किंवा व्हिनेगर घातलेल्या रेशादो या गोव्याच्या तिखट मसाल्याशी मात्र तिची गाठ घालू नये. तिखटाने तिचा आंबटपणा बोचरा होतो आणि शेवटी रेंगाळणारी खारट चव पूर्णपणे हरवते.

शक्य असेल त्यांनी दोन बाटल्या घ्याव्यात आणि एक आठ-दहा वर्षे आडवी ठेवून द्यावी. त्या वयात लिंबाची धार मवाळ होऊन मध, मेण आणि अक्रोडाच्या वासाकडे ही वाइन झुकते. खारटपणा मात्र जागचा हलत नाही. अर्थात मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातल्या कपाटात हे साधणार नाही. वाइनसाठीचे थंड कपाट नसेल तर ती वर्षभरात प्यावी, आणि उघडलेली बाटली उरली तर बूच घट्ट बसवून दुसऱ्या दिवसासाठी फ्रिजमध्ये ठेवावी. तरुण बाटली दुसऱ्या दिवशी बहुधा अधिक मोकळी लागते.