हॉर्न आडवा की उभा? खानापुरात नऊ महिने ऐकल्यानंतर

घरात हॉर्नचे, म्हणजे पुढे भोंग्यासारखं पसरत जाणारं तोंड असलेले स्पीकर आणतो म्हटल्यावर आईच्या डोळ्यांपुढे मांडवावरचे भोंगेच आले. नकोच म्हणाली. आता दुपारचा चहा झाला की तीच विचारते, "आज काय लावणार नाहीस काय रे?"

आमची खोली ११ बाय १६ फूट. जांभ्याच्या भिंती, खाली गुळगुळीत फरशी, वर माळ्याच्या फळ्या, त्याही जेमतेम साडेआठ फुटांवर. १५ इंची वूफरचा (खालचे, खर्जाचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरचा) खोका आणि त्यावर लाकडी हॉर्न: तोंड १६ इंच रुंद, ६ इंच उंच, मागे १ इंची कॉम्प्रेशन ड्रायव्हर, म्हणजे हॉर्नमध्ये आवाज सोडणारा छोटा स्पीकर. क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर थांबून हॉर्न सुरू होतो तो सांधा, १२०० हर्ट्झला. कागदावर आवाजाचा पसारा ९० बाय ४० अंश: रुंद बाजूनं ९०, उंचीच्या बाजूनं ४०.

विकणाऱ्यानं सांगितलं होतं, आडवा-उभा कसाही बसवा. उभा केला की खोक्यावर नीट मावत होता, म्हणून मी उभाच बसवला, आणि पुढचे तीन महिने अस्वस्थ राहिलो. मधल्या खुर्चीत कुमार गंधर्वांचा आवाज अगदी समोर यायचा. (त्यांचं जन्मगाव सुळेभावी आमच्याच बेळगाव जिल्ह्यातलं, त्यामुळे घरात पहिली परीक्षा त्यांच्याच गाण्यानं होते.) पण कडेला, आबांच्या जागी बसलं की तंबोऱ्याची जवारी, तारांची ती झणकार, नाहीशी, 'स' आणि 'श' बोथट.

कारण समजायला ध्वनी-अभियंते डॉन कील यांनी १९७५ मध्ये मांडलेला हिशेब पुरतो. एका बाजूच्या कोनाचे अंश आणि त्याच बाजूचे तोंडाचे इंच यांचा गुणाकार करा आणि १० लाखाला त्यानं भागा. उत्तर येईल तितक्या हर्ट्झच्या खाली हॉर्नचा आवाजावरचा ताबा सुटत जातो. माझी १६ इंची बाजू साधारण ७०० हर्ट्झपर्यंत आवाज धरून ठेवते. ६ इंची बाजू मात्र ४१७० च्या आसपासच हात सोडते! म्हणजे क्रॉसओव्हरपासून तिथपर्यंत, गाण्याचे शब्द ज्या पट्ट्यात स्पष्ट होतात तिथेच, त्या बाजूनं आवाज मोकाट. हॉर्न उभा असला की तो बाजूच्या भिंतींवर आदळतो आणि वरच्या पट्टीचे स्वर मात्र ४० अंशांत कोंडतात. आडवा असला की तोच मोकाट आवाज फरशीवर आणि फळ्यांवर जातो.

मी आडवा केला. फरशीवर, स्पीकर आणि खुर्च्यांच्या मधोमध, जाड घोंगडी दुहेरी घालून पसरली. नंतर दोन्ही हॉर्न इतके आत वळवले की त्यांच्या रेषा आमच्या पुढ्यातच एकमेकींना छेदतात. डाव्या कडेला बसलेल्याला उजवा स्पीकर लांब पडतो, पण त्याचं तोंड थेट त्याच्याकडे असतं. त्यामुळे गायक मधेच राहतो. आबा त्या दिवशी दोन तास जागचे हलले नाहीत.

एकदा उंची कमी करायला अख्खे खोकेच आडवे टाकले होते. ते करू नका. वूफर आणि हॉर्न शेजारी-शेजारी आले की मान थोडी हलवली तरी क्रॉसओव्हरजवळचा आवाज बदलतो. ते एकावर एकच हवेत.

निपाणीच्या मित्राकडून दोन महिने गोल ट्रॅक्ट्रिक्स (त्या नावाच्या वक्ररेषेनं पसरणारे) हॉर्नही आणले होते, १४ इंच व्यासाचे. रात्री एकट्यानं ऐकायला त्यांच्याइतकं गोड मी घरात काही ऐकलेलं नाही. व्हायोलिनचा गज तारेवर टेकतो तो क्षणसुद्धा कळतो. पण स्वर जितका वर चढतो तितका झोत अरुंद होत जातो, आणि आम्ही तिघं ओळीत बसतो. जड मनानं परत दिले.

पावसाळ्यात एमडीएफच्या (लाकडी भुशाच्या दाबीव फळीच्या) पट्टीची कड फुगली, ती सागवानाची करून घेतली. ड्रायव्हर फार कार्यक्षम असल्यानं ॲम्प्लिफायरची बारीक सरसर शांत खोलीत ऐकू यायची. ड्रायव्हरच्या आधी रेझिस्टर घातल्यावर ती दबली. आवाज मोठा करायला २० वॅटसुद्धा जास्तच होतात.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर रुंदीआधी तोंडाची उंची मोजेन. १६ बाय १२ इंच, ९० बाय ६० अंश असं तोंड असेल तर उभ्या दिशेचा ताबा १३९० हर्ट्झपर्यंत, म्हणजे क्रॉसओव्हरच्या जवळ पोचतो. सुताराला कागदावर काढून दिलंय. तो म्हणतो लाकडात अजून ओल आहे, दिवाळीनंतर कापू.